घासून साफ केलेली बाजू

जोड दिसला की माल परत, हे माझ्या अंगात मुरलेलं. जेद्दाला आल्यापासून मी हॉटेलांच्या किचनसाठी स्टीलचे ओटे आणि सिंक बनवतोय. वेल्डिंग करायचं, ग्राइंडर फिरवायचा, मग बफिंग करून असं चकचकीत करायचं की दोन पत्रे कुठे जोडलेत ते शोधूनही सापडू नये. रत्नागिरीहून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला इथे मिरवायला दुसरं आहे काय?

अशात आमच्या वर्कशॉपमध्ये एक सौदी मॅडम शिल्प करून घ्यायला आल्या. शिल्प म्हणजे पुरुषभर उंचीची, किंचित वाकलेली स्टीलची भिंत, तुकड्याला तुकडा जोडून केलेली. त्यांचं हे पहिलंच प्रदर्शन. मला त्या मुअल्लिम म्हणायच्या. कारागिराला इथे मानाने तसं म्हणतात. मोडक्या हिंदीत त्यांनी बजावलं होतं, "जोड घासू नको. जोडणाऱ्याचा हात दिसला पाहिजे." मी मान डोलावली. आणि शेवटच्या दिवशी, मॅडम रियाधला गेलेल्या असताना, माती खाल्ली.

खरं सांगतो, मुद्दाम नाही केलं. ट्रक दुपारी यायचा होता, शिल्प तयार उभं होतं, आणि ते खडबडीत जोड माझ्याकडे बघून दात विचकत होते. लोक मॅडमना विचारतील, कुठल्या गाढवाने बनवलं हे! नुसता एक जोड साफ करू म्हणून ग्राइंडर उचलला. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. भानावर आलो तेव्हा मागची अख्खी बाजू आरशासारखी लखलखत होती. घासलेलं परत येतं का कुठे? फोरमन म्हणाला, "खलास, यल्ला, गाडीत चढव." त्याला काय त्याचं! मीही तोंड शिवून बसलो.

मग मॅडमचा फोन नाही, निरोप नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. शेवटी वर्कशॉपच्या सगळ्यांना प्रदर्शनाचं बोलावणं आलं. बाकीच्यांनी शुक्रवारच्या सुट्टीची झोप सोडली नाही. मी एकटाच इस्त्रीचा शर्ट घालून बलदला, म्हणजे जुन्या जेद्दात, गेलो. बाईचं पहिलंवहिलं काम मी बरबाद केलं असेल, तर निदान ते त्यांच्या तोंडावर कबूल तरी करायला हवं होतं.

प्रदर्शन एका जुन्या दगडी घरात होतं. मधल्या मोकळ्या चौकात बरीच शिल्पं मांडलेली. लोक लांबूनच बघत, फोटो काढत, पुढे सरकत. आमचं कुठे दिसेना. काढून टाकलं वाटतं! तेवढ्यात तिथल्या पहारेकऱ्याने मागच्या एका चिंचोळ्या खोलीकडे बोट दाखवलं. दारातून शिरलं की समोर शिल्पाची खडबडीत बाजू, सगळे जोड जसेच्या तसे. आणि मागची बाजू भिंतीला इतकी जवळ की मधून एकच माणूस जाईल, तोही अंग चोरून. लोक रांगेत थांबले होते. माझ्या पुढची एक म्हातारी सौदी बाई आत शिरली, स्टीलमध्ये स्वतःला बघून दचकली, मग डोक्यावरची ओढणी नीट केली आणि कितीतरी वेळ बाहेरच येईना.

माझी पाळी आली. वर्कशॉपमध्ये घासून झाल्यावर मी हीच बाजू लांबून, ट्यूबलाइटच्या उजेडात पाहिली होती. तेव्हा तो नुसता चकाकणारा पत्रा होता, एखाद्या हॉटेलच्या ओट्याचा. इथे मागे सरकायला जागाच नाही. नाकासमोर माझंच तोंड, त्यावर खिडकीच्या लाकडी जाळीतून आलेले उन्हाचे ठिपके. आत येताना चाचपलेले खरखरीत जोड अजून बोटांना जाणवत होते. असल्या गोष्टींच्या वाटेला कधी न गेलेला मी, हलेचना. मागचा माणूस खाकरला तेव्हा कुठे निघालो.

बाहेर मॅडम उभ्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "मॅडम, मीच घासलं. चूक झाली."

"तू नाही तर कोण?" मॅडम भडकल्याच. "चौकात मांडणार होते मी ते! उन्हात असं चमकलं की कुणाला बघवेना. दोन दिवस रडले. घरभर फिरवलं, शेवटी या खोलीत बसलं. आणि आता जो तो मला येऊन म्हणतोय, मागची बाजू काय सुरेख! ती बाजू माझी नाहीच!"

चांगली दहा मिनिटं झापलं, चारचौघांत. लोक वळून बघत होते. बघेनात का! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता येत होता. काम वाया गेलं नव्हतं. लोक रांग लावून बघत होते.

"आणि हे बघ, मुअल्लिम," मॅडम बोट नाचवत म्हणाल्या, "पुढच्या वेळी ग्राइंडरला हात लावायच्या आधी मला फोन करायचा. समजलं?"

पुढच्या वेळी, म्हणाल्या त्या. मी खाली मान घालून "जी मॅडम" म्हटलं, पण हसू काही केल्या आवरेना.