दोनशे पातळीचं दार

जालन्याच्या आमच्या ऑफिसात इमारत आधी संगणकावर उभी राहते, जागेवर नंतर. त्या मॉडेलमधली कोणती गोष्ट किती पक्की आहे यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. त्यासाठी पातळ्या असतात. शंभरला नुसता ठोकळा. दोनशेला अंदाजे आकार. तीनशेला नक्की माप आणि नक्की जागा. साडेतीनशेला शेजारच्या खांबाशी, भिंतीशी सांधा कसा बसणार तेही ठरलेलं. चारशे असेल तरच कारखान्यात माल कापायला घ्यावा. पाचशे म्हणजे बांधून झाल्यावर जागेवर मोजून पडताळलेलं. पडद्यावर मात्र कच्चं आणि पक्कं सारखंच दिसू शकतं. म्हणून सोबत तक्ता द्यायचा: खांब तीनशे, दारं दोनशे, असा. तक्त्याशिवाय मॉडेल बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा नियम ऑफिसात मीच लावला. नव्या मुलांना मी यावरून बोलते.

घनसावंगीजवळ धाकट्या भावाचं घर व्हायचं होतं. त्याचं मॉडेल मी त्याच्या मोबाइलवर तक्त्याशिवाय पाठवलं. घरचंच काम, तक्ता वाचणार कोण?

दर्शनी दार तेव्हा ठरलं नव्हतं. खांबांच्या जागाही ठरल्या नव्हत्या. पण मी काम करताना भावजय शेजारी बसली होती, म्हणून सॉफ्टवेअरमधल्या तयार दारांतलं एक नक्षीदार, दोन झडपांचं, पितळी कड्यांचं दार उचलून लावलं. "हेच पाहिजे," ती म्हणाली. मी म्हटलं, "बघू." पुढे खांब ठरले, ते थोडे जवळ आले. मिस्त्रीला मी नवे नकाशे दिले आणि त्यानं त्याप्रमाणे बांधलं. दाराचं मी कुणाशीच बोलले नाही.

मोबाइलवर त्या दारावर बोट ठेवलं की रुंदी दिसते, मिलिमीटरपर्यंत. माप ठरलेलं असो वा नसो, आकडा तितक्याच ठसठशीतपणे येतो. भावानं तो वाचला, बांधावरचं सागवान काढलं आणि मस्तगडच्या सुताराकडून चौकट करून घेतली. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, म्हणून चौकट बसवण्याच्या मुहूर्तापर्यंत कुणी काही सांगितलं नाही.

टेम्पोतून चौकट उतरली. चौघांनी ती दाराशी नेली. ती दोन खांबांच्या मध्ये जाईना. वीतभर जास्त होती.

"सुताराचा टेप रबराचा हाय का?" चुलतकाका म्हणाले. लोक हसले.

"टेप बराबर हाय, काका," सुतार म्हणाला. "दादांनी मोबाइल दाखवला, त्यातला आकडा धरला. लाकूड काय वाटेत वाढलं न्हाई."

सगळे भावाकडे बघू लागले. "वाचताना मीच चुकलो असल," तो म्हणाला.

"तू नाही चुकलास," मी म्हटलं. "ते माप नक्की नव्हतंच. दार मी अंदाजानं लावलं होतं." आणि मी पातळ्या समजावायला लागले, ऑफिसात सांगते तशा, बोटांवर मोजत. दोनशेपर्यंत आले तेव्हा आत्यानं अडवलं.

"मंग ठरलं न्हवतं तर इतकं साजरं काढलं कामून? नुसती रेघ मारायची व्हती."

उत्तर मला माहीत होतं. भावजयीनं बघून खूश व्हावं, एवढंच होतं.

सांधे उकलून चौकट कापायची तर दुपार होणार होती. मुहूर्त टळला असता. चौकट दारापुढे ओट्यावर उभी धरायची आणि पूजा उरकायची, असं आत्यानं ठरवलं. आमच्याकडे चौकटीला पहिलं हळदीकुंकू बहिणीनं लावायचं असतं.

"वहिनीला लावू दे," मी म्हटलं.

"बहीण तूच न्हं? लाव जल्दी."

चौघांनी धरलेली चौकट माझ्या बोटाखाली हलत होती. भावानं मानाची साडी दिली, पाया पडला. त्याला आशीर्वाद काय दिला ते आठवत नाही. ताट धरून भावजय उभी होती. चौकट अडल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

पंगत बसली तेव्हा सुतारानं सांधे उकलले. मी टेप मागितला, दोन खांबांमधलं अंतर वर, मध्ये, खाली मोजलं आणि माप सांगितलं. त्यानं कानावरची पेन्सिल माझ्या हातात दिली.

"खुणा तुम्हीच करा ताई. मंग माझ्याकडं बोट नको."

वरची गणेशपट्टी दोन्ही टोकांना सारखी कापावी लागणार होती. मी वाकून खूण करत असताना भावजय मागे येऊन उभी राहिली.

"गणपती राहील ना?"

"राहील. टोकांचे मोर जातील."

"मोर मी सांगून करून घेतल्ते," ती म्हणाली.

मी दुसऱ्या टोकाला खूण केली. करवत सुरू झाली तशी ती आत निघून गेली. पट्टीचं टोक कुणीतरी धरायला हवं होतं, म्हणून मी ते धरून उभी राहिले.