उद्घाटनाची चाल

बुद्धिबळापायी मी वीस वर्षं घरच्यांची बोलणी खाल्ली आहेत. सासरकडची लग्नं बुडवली, शाळेतल्या किरकोळ रजा स्पर्धांत संपवल्या. मी पाटोद्यात मास्तर. हवं होतं ते एकच, मानांकनाच्या यादीत आपलं नाव. गेल्या वर्षी गावातल्याच मंगल कार्यालयात स्पर्धा झाली, आणि शेवटच्या फेरीत मला नुसती बरोबरी पुरणार होती.

समोर धर्मापुरीचे निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. माणूस सज्जन, पण सारखा सुपारी कातरायचा. तरी डाव माझ्या बाजूने झुकला होता.

उद्घाटन खरं तर सकाळी नऊचं. उद्घाटक साहेब ‘मांजरसुंब्यापर्यंत आलेत’ असं आयोजक दुपारपर्यंत माइकवरून सांगत होते. तेवढं अंतर मी सायकलवर कापलं असतं! अखेर कंटाळून फेऱ्या सुरू केल्या, आणि साहेब उगवले ते नेमके शेवटच्या फेरीत.

हार, शाल, नारळ. घड्याळं चालूच. पंचसुद्धा हार घेऊन रांगेत उभे. माइकवरून आवाज आला, “आता पहिली चाल साहेबांच्या हस्ते!” पहिली? अहो, माझी तिसावी चाल होती! पण साहेबांचा बॅनर माझ्या टेबलामागे लावलेला, आणि फोटोत बॅनर यायलाच हवा.

“तुमचे मोहरे कोणते, गुरुजी?”

“पांढरे, साहेब,” मी म्हणालो. दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

त्यांनी माझा वजीर उचलला आणि थेट काळ्या घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला. “लई दिवसांनी हात लावला बगा,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. फोटोवाल्याने हसायला सांगितलं, मी हसलो, आणि चाल झाली की करतो तसं घड्याळाचं बटण दाबलं.

साहेब गेले. ड्रायव्हरनी बराच वेळ वजिराकडे बघितलं. “गुरुजी, आता काय करू मी? घ्यावा लागंल ह्यो,” म्हणत त्यांनी तो घेतला. पुढच्या आठ-दहा चालींत मी हरलो.

मग मी पंचांवर जाऊन आदळलो. ही कसली स्पर्धा, हा कसला पोरखेळ, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“चाल साहेबांची हाय, मला बी दिसलं. तुमी नुसता हात वर केला असता, तरी माघारी घेतली असती. पण घड्याळ तुमीच दाबलं. कावून दाबलं?”

भीतीने, असं मी तेव्हा सांगितलं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगतो. पण खोटं आहे ते. साहेब एवढी टेबलं सोडून माझ्यापाशी आले होते, आणि बटण दाबताना मला मनापासून बरं वाटत होतं.