पाच जांभळ्या खुणा

१९९९ चा जून. सकाळचे साडेसात वाजले होते. क्लासच्या पाच मुलींचे डबे ओट्यावर उघडे, शेवटच्यात मी भेंडी भरत होते. माझे मोठे दीर अण्णाराव मागच्या दारात दात घासत उभे. धाकट्या मुलीला, सुकन्याला, क्लासला घालायला ते आदल्या दिवशीच निलंग्याहून लातूरला आमच्याकडे आले होते. तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. धुवट सदरा, काखेत फडक्यात बांधलेली वही. कडीवरच्या हाताची दोन बोटं टोकाला राठ, नखं नसलेली.

"ताई, अण्णाराव केरबा इथं उतरलेत का? काल क्लासच्या रांगेत नाव पुकारलेलं ऐकलं, पत्ता तिथंच विचारून घेतला. मी फारूक. नांदेडला एक्स-रेवर होतो."

मागून भावजींचा आवाज आला, "त्यांना सांगा, आता डोक्यावर घालवण्याजोगं काही उरलं न्हाई."

फारूकचाचा मोकळेपणानं हसले. मी चहा टाकला, आणि त्यांनी वही सोडली.

ते तरुणपणी हैदराबादेत शिकले तेव्हा पेनिसिलिन सहजी मिळत नव्हतं. काळपुळी, सडत चाललेली जखम यांच्यावर डॉक्टर थोडा थोडा एक्स-रे देत, आणि कित्येकांना उतार पडे, असं ते सांगत होते. पुढे नांदेडच्या एका दवाखान्यात (तो आता राहिला नाही) डोक्यातल्या नायट्याची पोरं येऊ लागली. त्यावर तेव्हा खायचं औषध नव्हतं. फारूकचाचा पोराच्या डोक्यावर जांभळ्या शाईनं पाच खुणा करायचे आणि एकेका खुणेवर मोजून एक्स-रे द्यायचे. तीन आठवड्यांत सगळे केस गळत, त्यांच्याबरोबर नायटा जाई आणि नवे केस येत. पोरं हलू नयेत म्हणून ते स्वतःच डोकं धरून उभे राहत. बोटांची नखं त्यातच गेली. पण हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा कळलं.

प्रत्येक पोराचं नाव, गाव आणि अंगावरची खूण त्यांनी वहीत लिहिली होती. त्रेचाळीस नावं. भावजींच्या नावापुढे होतं: "उजव्या कानामागे तीळ."

त्र्याण्णवच्या भूकंपात जखमींचे एक्स-रे काढायला माणसं कमी पडली, तेव्हा निवृत्त झालेले फारूकचाचा आपण होऊन गेले. तिथं पाय मोडलेल्या एका बाईनं त्यांना ओळखलं, "तुम्हीच माझं डोकं चमकवलं होतं की." तिच्या गळ्यावर गाठ होती. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि चाचांना बाजूला घेऊन सांगितलं की लहानपणी डोक्याला असा एक्स-रे दिलेल्यांना पुढे गळ्यात गाठ होऊ शकते, वेळेत काढली तर माणूस वाचतो.

तेव्हापासून ते वही घेऊन फिरत होते. पण भूकंपानंतर कित्येक गावंच जागची हलली. मग त्यांच्या लक्षात आलं, आता सगळी गावं लातूरला क्लासला येतात. दर जूनला ते क्लासच्या फाटकाशी बसू लागले. येईल त्याला गाव विचारायचे. तिथला वॉचमन चिडवायचा, "चाचा, कुणाला डॉक्टर करून राहिलात?" हे म्हणायचे, "पोराचं तुम्ही बघा, मी बापाचं बघतो."

"मला काही झालं न्हाई," भावजी म्हणाले. "पोरीची बारावी होऊ द्या, मग बघू."

"बारावीला दोन वर्षं आहेत, अण्णाराव."

"मग दोन वर्षांनी या."

चाचांनी वाद घातला नाही. म्हणाले, "टोपी आठवते का?"

भावजींनी डोक्यावरून हात फिरवला. केस गेलेली पोरं शाळेत चिडवली जातात म्हणून चाचांच्या बायको, खातूनबी, प्रत्येकाला टोपी शिवायच्या. हिंदूंच्या पोरांना टोकाची, मुसलमानांच्या पोरांना गोल. भावजींना घेऊन त्यांचे वडील केरबा आले त्या दिवशी टोकाच्या संपल्या होत्या.

"दोन महिने गोल टोपी घालून शाळेत गेलो," भावजी म्हणाले. "बाबा रोज म्हणायचे, नवी शिवून घेऊ. मीच ती सोडली न्हाई. लई मऊ होती." मग हळूच, "भाभी कशा आहेत?"

"दोन वर्षं झाली जाऊन."

भावजी खाली बसले. चाचांनी माझ्याकडून तांब्या मागून घेतला. "मान वर करा आणि एक घोट प्या."

भावजींनी कॉलरचं बटण काढलं. ते बटण सदा लावलेलं असे, मी ती सवय समजत आले होते. घोट उतरला तशी गळ्यात बोराएवढी गाठ वर सरकली आणि खाली आली. मीही पाहिली.

सोलापूरला ऑपरेशन झालं. गाठ वाईटच होती, पण पसरली नव्हती. टाके निघाल्यावर भावजी आणि मी चाचांच्या घरी पेढे घेऊन गेलो. त्यांनी वहीत भावजींच्या नावावर बरोबरची खूण केली. अजून चौदा नावं तशीच होती.

"आता डोळ्यांना लांबचं दिसत नाही, ताई," चाचा म्हणाले. "फाटकाशी माणूस ओळखू येत नाही. तुमच्याकडं डब्यासाठी गावोगावचे आईबाप येतात. एवढंच करा, आलेल्या माणसाला लहानपणी डोक्यावर जांभळ्या खुणा केल्या होत्या का, ते विचारत जा."