देवाजीभाऊंना गावातच राहायचंय

मित्रहो, आज सिंदेवाहीजवळच्या एका गावात होतो. तिथले अंध देवाजीभाऊ तलावाच्या बांधावर बसून सगळ्या मासेमारांची फाटकी जाळी विणून देतात. म्हणून पाण्यात न उतरताही त्यांना मासळीचा वाटा मिळतो. घरी मात्र ते एकटे. आता वयामुळे स्वयंपाक होत नाही.

त्यांना न्यायला गाडी घेऊन आलेले सरकारी अधिकारी म्हणाले, "वृद्धाश्रमात चला. सगळा खर्च सरकारचा."

"तिथी तलाव हाये का?"

"नाही, पण आराम आहे."

"मंग आराम तुमीच करा, साहेब. मले इथीच रांधून द्याले एक बाई पाह्यजे."

"त्यासाठी योजना नाही."

गाडी त्यांना न घेताच परतली. आजचं जेवण शेजारणीनं दिलं.

गाव सोडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी सरकारकडे पैसा आहे. मग गावात राहणाऱ्यासाठी का नाही?