जूनमधला लोकरी कोट

बंदुकीचा दणका खांद्यावर बसायच्या आधीच जो डोळे मिटतो, त्याला तुम्ही भित्रा म्हणता ना? मग आयलीन सॉर्वागला तोंडावर म्हणून दाखवा. फक्त तिच्या हाताच्या टप्प्यात उभे राहू नका.

पूर्व मोंटानाच्या गवताळ माळावर आयलीन शाळेची बस चालवायची, आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर पितळी शिट्टी तिच्या गळ्यात असायची. ती शिट्टी वाजली की सगळ्या रायफली गप्प. बाईच्या हुकमावर बंदुका खाली ठेवायला गावच्या बाप्यांना फार जड गेलं होतं. ती शिट्टी तिला कुणी ओवाळून दिली नव्हती, भांडून मिळवली होती.

मागच्या जूनच्या सामन्यात तिच्या मोठ्या मॅग्नम रायफलीनं दगा दिला. दणक्यासरशी रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीची कड भुवईत घुसली, चेहरा रक्तानं माखला. तेव्हापासून चाप ओढताना तिची नळी झुकायला लागली. एका सरावात तर गोळी समोरच्याच मातीत शिरली आणि खडे उडून शेजाऱ्याच्या टेबलावर आले. क्लबचा अध्यक्ष हार्लन ब्रेके यानं शिट्टी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"जिची नळी झुकते, तिनं दुसऱ्यांच्या नळ्या सांभाळायच्या? जूनमध्ये सगळ्यांसमोर मारून दाखव. नाहीतर शिट्टी विसर."

तो जून आला. परीक्षा इथली जुनीच. आयलीनची नणंद रॉबर्टा शेजारी बसून एकेक काडतूस भरणार, त्यातलं एखादं बिनदारूचं. कुठलं ते आयलीनला ठाऊक नाही. पोकळ काडतुसावर नुसतं 'खट्ट' होतं, आणि दणक्याला घाबरून माणूस नळी झुकवत असेल तर ते अख्ख्या गावाला दिसतं.

आयलीन टेबलाशी आली ती जाड लोकरी कोट घालून. ऊन असं की पत्र्याला हात लावावा तर भाजेल.

"काय गं, बर्फ पडायचाय का आज?" हार्लन ओरडला. माणसं फिदीफिदी हसली.

"हसून घ्या. ही दुर्बीण मी नोव्हेंबरात शिकारीला जाताना बसवली, हाच कोट अंगात असताना. मागच्या जूनमध्ये पातळ सदऱ्यावर मारायला बसले. कोटाची जाडी गेली आणि डोळा तेवढा दुर्बिणीला जाऊन भिडला. सगळा हिवाळा डोकं खाजवल्यावर हे कळलं."

"मग दुर्बीण सरकवायची!"

"तुझ्या एका दिवसाच्या तमाशासाठी? हिवाळ्यात याच कोटावर शिकार करून वर्षभराचं मटण देते ही रायफल."

तिनं दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढला, गाल टेकवला, अर्धा श्वास सोडला. दणक्यानं सगळं अंग मागं रेटलं गेलं. मग शांतता. लांबच्या टेकडीखालच्या निशाणाच्या पोलादी थाळीचा आवाज नेहमीसारखा उशिरा आला. टण्ण!

दुसरी गोळी. टण्ण. कोटाच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या.

तिसऱ्याला नुसतं 'खट्ट'.

नळी होती तिथंच होती. 'खट्ट' झालं तरी कधी दारू उशिरा पेटू शकते, म्हणून मैदानाच्या नियमानं कुणी हललं नाही. रॉबर्टा ओठांनी सेकंद मोजत होती. शेवटी तिनं खटका उघडून काडतूस बाहेर काढलं आणि मागून टाळ्या पडल्या. हार्लननं खिशात हात घातला.

"थांब," आयलीन म्हणाली. "माझा डोळा मिटला होता."

"नळी हलली नाही ना? नियम नळीचा आहे!" रॉबर्टा कुजबुजली. "गप बस की, बये!"

"आज डोळा मिटला, उद्या नळी झुकेल. भर परत. कुठलं भरतेस ते सांगू नकोस."

आता कुणी हसेना. गोळी. टण्ण. गोळी. टण्ण. पुन्हा 'खट्ट'. आयलीननं मान हलवली. "मिटला." टेबलाची सावली आक्रसली, हार्लननं टोपी काढून कपाळ पुसलं. खांदा ठणकत होता. पापणी मात्र ऐकायला तयार नव्हती. लोकांसमोर हरायची भीती एकीकडे आणि ती जुनी कड दुसरीकडे. तिनं गाल पुन्हा दस्त्यावर टेकवला. कड डोळ्यापासून लांब होती. लांबच राहणार होती, मध्ये कोट होता. हे डोक्याला हिवाळ्यातच कळलं होतं, पापणीला अजून कळायचं होतं.

'खट्ट.'

दुर्बिणीतल्या रेघांमागं थाळी लख्ख दिसत होती. आवाजाच्या आधी, आवाजात, आवाजानंतरही.

रॉबर्टानं खटका उघडला. "डोळा उघडा होता," आयलीन म्हणाली. मग न वळता तिनं तळहात मागं केला. "दे."

हार्लननं शिट्टी त्यावर ठेवली. तिनं ती लगेच फुंकली. "सगळ्यांनी रायफली खाली! ज्यांनी हिवाळी कोट घालून दुर्बीण बसवलीय, त्यांनी हात वर करा."

पहिला हात हार्लनचा होता, अर्धवट वर गेलेला.

आता तुम्हाला एवढीच विनंती. दणक्याआधी डोळे मिटणारं कुणी भेटलं तर हसू नका. त्याच्या भुवईवर खूण आहे का ते बघा, आणि आधी विचारा, "बाबा रे, तुला लागलं तेव्हा तुझ्या अंगात काय होतं?"