श्रीलंकेत काढलेली पिवळी मारबत

अठ्ठ्याऐंशी सालचा पोळा. नागपुरात मारबतीची तयारी जोरात असणार... आणि आम्ही शांतिसेनेतले जवान श्रीलंकेच्या उत्तरेला, एका बंद पडलेल्या शाळेत तळ टाकून बसलो होतो.

पलटण महाराष्ट्राचीच, पण बहुतेक जवान सातारा-कोल्हापूरकडचे. आमच्या प्लाटूनमध्ये नागपूरकडचे तिघेच. मी कोराडीचा, वासुदेव आणि गजानन कळमेश्वरजवळच्या एकाच गावातले. त्यातल्या गजाननचा पाय गस्तीवर सुरुंगावर पडला. हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. पाय वाचणार नाही, एवढंच आम्हाला कळलं होतं.

त्यानंतर प्लाटून गप्पच झाली. गस्तीवरून परत आलो की मान आखडलेली असायची... दिवसभर जमिनीकडे बघून. जेवायचाही कंटाळा यायचा.

आमचे प्लाटून कमांडर सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे. कडक माणूस. रोज दाढी झालीच पाहिजे, बूट चकचकीत पाहिजेत. "पलटणीचं नाव अंगावर घालून फिरताय तुम्ही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गजाननला नेल्यापासून मात्र ते वाक्यही बंद झालं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर वासुदेव व्हरांड्यात तांदळाचं रिकामं पोतं आणि ताडाच्या झावळ्या घेऊन बसलेला. लंगरमधून हळद मागून आणली होती, ती पाण्यात कालवून पोत्याला फासत होता. काय करतोस, हे विचारायची मला गरज नव्हती. शेजारी बसलो आणि सुतळी बांधू लागलो.

तेवढ्यात सुभेदारसाहेब येऊन उभे राहिले. "काय चालवलंय रं हे?"

"मारबत बनवून राहिलो साहेब," वासुदेव उठून म्हणाला. "आमच्या नागपूरले आज हिची मिरवणूक निघते. रोगराई, वाईट जे काही असंन ते हिच्यासंगं गावाबाहेर धाडून देतो. मग हिले जाळतो."

साहेब त्या पिवळ्या बाईच्या पुतळ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार...

"तारेच्या बाहेर जायचं न्हाई. जाळायचं न्हाई, धूर दिसंल," ते म्हणाले. "आतल्या आत फिरवा."

निघालो. वासुदेवच्या खांद्यावर मारबत, मागे मी एकटा. "खोकला घेऊन जा गे मारबत... ताप घेऊन जा गे मारबत..." दोघांचा आवाज तो केवढा. बाकीचे आधी नुसते बघत होते. मग एक जण मागे आला, आणखी दोघं आले... शाळेला दुसरी फेरी होईपर्यंत सगळी प्लाटून आमच्यामागे होती.

मागून कोणीतरी म्हणालं, "सुरुंग घेऊन जा गे मारबत." त्यानंतर सगळे तेच म्हणू लागले.

विहिरीपाशी थांबलो. साहेब पुढे आले, टोपी सारखी केली. "शेवटचं मी म्हणतो."

आणि मारबतीकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझी पोरं तेवढी ठेव. बाकी सगळं घेऊन जा गे मारबत."

 खड्डा खणून आम्ही तिला पुरलं.

दुसऱ्या दिवशी गस्तीला निघालो, तर ओळीत सगळ्यात पुढे सुभेदारसाहेब. खाली काय पुरलेलं आहे ते सगळ्यात आधी कळतं ते पुढच्या माणसाला. प्लाटून कमांडरने तिथे चालायचं नसतं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. हवालदार अडवायला गेले. साहेबांनी नुसता हात वर केला आणि चालू लागले...

पलटण भारतात परत येईपर्यंत ते पुढेच चालले. आमच्या प्लाटूनमधलं त्यानंतर कोणी जखमी झालं नाही. मारबतीने नेलं, असं मी म्हणत नाही. पलटणीचा अभिमान म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर मला झेंडा, बँड काही आठवत नाही... पुढे चालणारी ती घामाने भिजलेली पाठ आठवते.

साहेब निवृत्त होऊन गावी गेले. तिथेच, म्हातारे होऊन, वारले. गजानन लाकडी पायाने शेती करत राहिला.

आता वय झालं. सकाळी कोराडीत थोडं चाललं तरी दमायला होतं. मग एखाद्या बाकावर बसतो, दोन्ही पाय समोर पसरतो... आणि साहेबांना मनातल्या मनात सॅल्यूट करतो.