लावणीच्या चिखलातला ताप

आमचे हे तंजावुरात एका सरकारी कचेरीत हेड क्लार्क होते, आणि ही गोष्ट ते झोपेतही विसरत नसत. तिरुवैयारूजवळ आमची थोडी भातजमीन होती, ती कुळं कसत. ह्यांचा शेतीशी संबंध वर्षातून एकदाच यायचा. लावणीच्या पहिल्या दिवशी घरधन्याने अनवाणी चिखलात उतरून पहिली मूठभर रोपं लावायची, ही आमच्या घरची रीत. मधुमेह जडला, टाचांना भेगा पडल्या, तरी रीत चुकली नाही. निदान पाय नीट धुऊन औषध तरी लावा म्हटलं, तर "काळ्या आईच्या मातीने कोणास काय होते?" असं मलाच विचारायचे.

घरोघरी नुकता केबल टीव्ही येत होता, तेव्हाची ही गोष्ट. लावणीनंतर ह्यांना ताप भरला. आधी मलेरियाचं औषध झालं, मग क्षयाचं. ताप कशालाच जुमानेना. माणूस अर्धा झाला, गुडघा सुजून नारळाएवढा झाला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की मधुमेहामुळे अंगातली प्रतिकारशक्ती गेली आहे, नेहमीची इंजेक्शनं लागू पडत नाहीत, लवकर उतार पडला नाही तर कठीण आहे. मी आत जाऊन ह्यांच्यावरच चिडले. डॉक्टरांवर थोडंच चिडता येतं!

गुडघ्यातला पू तपासायला गेला होता. एके सकाळी एक तरुण डॉक्टर खाटेपाशी आला. पुवात कसले तरी जंतू वाढले होते. ते बाहेरून मिसळले असतील असं समजून प्रयोगशाळेतले लोक टाकूनच देणार होते, पण तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी थांबवलं, आणि पेशंटला एक प्रश्न विचारून यायला त्याला पाठवलं.

"तुम्ही शेतात उतरता का?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

हे तापाने फणफणलेले, तरी उशीवरून मान उचलली. "छे! मी हेड क्लार्क आहे."

बरं म्हणून तो निघाला. माझं डोकंच फिरलं. त्याला दारात गाठून मी चिखल, भेगा, लावणी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. मागून ह्यांचा क्षीण आवाज आला, आमच्या घरच्या तंजावुरी मराठीत, "अगो, सुम्मा, गप्प राहा की! ते काय म्हणतील?"

"काय म्हणायचें तें म्हणोत," मी म्हटलं. "तुम्हीं जगा आधीं!"

तो डॉक्टर जवळजवळ पळतच गेला. दुपारपर्यंत निदान झालं. हा जंतू भातखाचरातल्या चिखलपाण्यात राहतो, दुबळ्या शरीरात भेगेतून शिरतो, आणि बऱ्याचशा औषधांना दाद देत नाही. एक नवं इंजेक्शन मात्र चालतं, पण ते तंजावुरात मिळेना. धाकटे दीर रातोरात मद्रासला गेले आणि बर्फाच्या डब्यातून ते घेऊन आले. त्यानंतरही बरेच दिवस ताप रेंगाळला. पण एका सकाळी ह्यांनी कॉफी पांचट झाली म्हणून तक्रार केली, आणि मला इतका आनंद झाला की मी नर्सलाच मिठी मारली.

पुढे कितीतरी महिने गोळ्या चालल्या. त्या संपल्यावर आम्ही दोघं प्रयोगशाळेतल्या त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानायला गेलो. तोवर मी त्यांना पाहिलंही नव्हतं. त्यांचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत, असं काहीबाही मी बोलत होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या ह्यांनाच डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळत होत्या.

"हा जंतू मी ह्याआधीही ओळखलाय," त्या म्हणाल्या. "पण दर वेळी माझा रिपोर्ट वॉर्डात पोचेपर्यंत खाट रिकामी झालेली असायची. ह्याच्यातून उठलेलं माणूस मी आज पहिल्यांदा बघते आहे." मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, "थोडं चालून दाखवता?"

एरवी कोणाचं न ऐकणाऱ्या ह्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत सावकाश चालत जाऊन परत आले. बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या.

हे पुन्हा चालू लागले.